लाईन गेली तरी बटण बंद!

परवा शेजारच्या काकू गोठ्यात विजेच्या कुट्टी मशीनवर कडबा कापत होत्या. धांडे अडकले नि तेवढ्यात वीज गेली. काकूंनी सरळ तोंडात हात घातला! मी ओरडलेच, “अवो काकू, बटण बंद करा आधी!”

“लाईनच नाही, तर काय होते वो?”

आता आमच्या ढाणकीत लाईन काय सांगून येते?

मळणी यंत्रांवर हात तुटू लागले, तेव्हा १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रांचा कायदा केला. पण घरच्या गोठ्यात बघायला कोण येणार? बटण बंद केल्यावरही जड चाक फिरतच राहतं, ते पूर्ण थांबू द्यावं. अडकलेलं काठीनं काढावं. पदर घट्ट खोचावा.

काकूंनी आता बटणाशेजारी काठीच टांगून ठेवलीय.