शेवटच्या रांगेतला ढोल

पुण्याच्या सदाशिव पेठेत गणपती येतो तो आधी कानावर. श्रावणाच्याही आधीपासून संध्याकाळी मुठेकाठी सराव सुरू होतात. ऑफिस नाहीतर कॉलेज उरकून पोरंपोरी कमरेला ढोल बांधतात. महिनाभरात बोटांना चिकटपट्ट्या लागतात, कमरेवर दोरीचे वळ उठतात.

ढोल पूर्वीही होताच, पण तो मुळशी-मावळातल्या गावकऱ्यांचा. शहरातल्या शाळकरी मुलांच्या कमरेला तो बांधण्याचं श्रेय दिलं जातं अप्पा पेंडसे यांना. 1962 साली त्यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, आणि सदाशिव पेठेतल्या या संस्थेचं ढोल-ताशा पथक हे पुण्यातलं अशा प्रकारचं पहिलं पथक मानलं जातं. हुशार मुलांसाठी काढलेल्या संस्थेला ढोल कशाला, असा प्रश्न पेठेत कुणीतरी नक्कीच विचारला असणार. इथे विचारतातच.

ढोलाच्या एका तोंडावर टिपरू पडतं, दुसऱ्यावर उघड्या हाताची थापी. चामड्याचं पान पावसात ओलं होऊन बसायचं. आता फायबरच्या पानांमुळे ती कटकट बरीच मिटली. ताशाही पूर्वी कागद पेटवून शेकावा लागे. ताशा लहान, गळ्यात अडकवायचा, पण पथक चालतं त्याच्या दोन काड्यांवर. वादन कुठे सुरू होतं, ठेका कुठे बदलतो, थांबायचं कुठे, सगळं तोच ठरवतो. ढोलवाले कितीही असोत, ते ताशाचे अंकित. ठेका लिहून कुणी देत नाही. तो आधी तोंडात बसवायचा, मग हातात.

खरी अडचण मात्र हातात नसते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. ताशापासून 34 मीटर मागे उभ्या असलेल्या ढोलवाल्याला ठोका पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. मिनिटाला 120 ठोक्यांची लय असेल, तर हा उशीर एका ठोक्याचा पाचवा हिस्सा झाला. ऐकून वाजवलं की मागची रांग घसरलीच, आणि तिचा आवाज पुढे यायला पुन्हा तेवढाच वेळ. त्यात मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून ठोके परततात ते वेगळेच. म्हणून मागच्यांना शिकवायचं ते उलटंच: कानावर विसंबू नकोस, काडीकडे बघ.

सिंफनी ऑर्केस्ट्रातला तालवादकही बहुतेक मागेच उभा असतो. त्यालाही कानापेक्षा संचालकाच्या छडीवर भरवसा ठेवावा लागतो. पुढचं सगळं वेगळं. तो संगीत महाविद्यालयात वर्षानुवर्षं टिंपनी, स्नेअर, झायलोफोन शिकतो. अनेक ठिकाणी तर नोकरीसाठी पडद्याआड वाजवून दाखवतो. द्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीत झांजेचा एकच हलका ठोका आहे. सुमारे चाळीस मिनिटांच्या रचनेत त्या ठोक्यापर्यंत मोजत बसायचं, आणि तोही चुकवायचा नाही! पथकात असं मोजत बसणं नशिबी नाही. मुंबईत 2006 पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण पेठेतल्या ढोलवाल्याला तिकडे जायची वाट ढोलातून मिळत नाही.

पथकात ढोल वाजवण्याला करिअरही म्हणता येणार नाही. बहुतेक पथकांत वाजवणाऱ्याला पैसे नसतात. सुपारीचे पैसे वाद्यांवर, काही ठिकाणी समाजकार्यावर जातात. हे कौतुकाचं खरं, पण ज्यांचं पोटच वाजवण्यावर आहे त्यांच्या सुपाऱ्यांचं काय, हे कौतुकाच्या भरात विचारायचं राहून जातं.

आवाजाची तक्रारही खोटी नाही. नियमाने निवासी भागात दिवसा मर्यादा 55 डेसिबल. 2024 साली हरित लवादाने एका पथकात तीसच जण असावेत असं सांगितलं. त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पेठ तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलत होती, बऱ्याचदा एकाच घरातून.

मला पुढच्या रांगेपेक्षा शेवटची बघायला आवडते. फोटो पुढच्यांचे निघतात. मागे एखादा नवा मुलगा असतो, समोर झेंड्याचं कापड फडफडत असतं आणि ताशेवाला दिसत नाही. तो टाचा उंचावतो, मान वाकडी करतो, झेंडा सरकला की काड्या क्षणभर दिसतात, आणि टिपरू खाली येतं.