मूत्राशयाची परांची

वऱ्हाडातील खारपाण पट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांची चर्चा गावोगाव चालते. परंतु मूत्रपिंडाचा नाश कधी कधी मूत्राशयातून, आणि तोही जन्मापासूनच, सुरू होतो, याकडे आमचे लक्ष सहसा जात नाही. ज्या बालकाच्या पाठीचा कणा गर्भावस्थेत नीट मिटलेला नसतो, त्याच्या मूत्राशयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा कारभार बिघडतो. भिंत ताठर होते, पिशवी आकसते, आणि आतील दाब मूत्राला उलट मूत्रपिंडाकडे लोटतो. औषधांनी हा दाब उतरेना, तर आतड्याचा तुकडा घेऊन मूत्राशय मोठे करणे हा शल्यचिकित्सकांचा जुना उपाय. परंतु आतड्याचा धर्मच शोषण्याचा व श्लेष्म स्रवण्याचा असल्यामुळे मूत्रातील आम्ल रक्तात परत जाते, खडे धरतात आणि जन्मभर तपासण्यांचा ससेमिरा मागे लागतो.

मूत्राशयाला मूत्राशयाचेच ऊतक मिळावे, या ध्यासाने बोस्टनच्या बालरुग्णालयात डॉ. अँथनी अटाला यांनी प्रथम कुत्र्यांवर प्रयोग केले, आणि २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये ४ ते १९ वर्षे वयाच्या ७ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. रुग्णाच्याच मूत्राशयाचा लहानसा तुकडा घेऊन त्यातील अस्तराच्या व स्नायूंच्या पेशी वेगळ्या वाढवल्या. पिशवीच्या आकाराच्या साच्यावर बाहेरून स्नायूपेशी व आतून अस्तराच्या पेशी पेरल्या. आणि सुमारे ७ आठवड्यांनी तो साचा मूळ मूत्राशयास शिवला. साचा कोलॅजनचा, किंवा कोलॅजन आणि पॉलिग्लायकोलिक आम्ल यांचा. हे दुसरे द्रव्य शरीरात विरघळणाऱ्या टाक्यांच्या दोऱ्यात वापरतात तेच. इमारत उभी राहिली की परांची उतरवावी, तसा तो यथावकाश नाहीसा होतो.

खरी अडचण रक्ताची. पेरलेल्या पेशींना प्राणवायू पुरवणाऱ्या केशवाहिन्या साच्यात आयत्या नसतात, आणि त्या बाहेरून येईतो पेशींनी तग धरला पाहिजे. म्हणूनच ज्या रुग्णांत रक्तवाहिन्यांनी समृद्ध अशा वपाजालाचे, म्हणजे आतड्यांवरील मेदपडद्याचे, वेष्टन साच्याभोवती घातले, त्यांत फळ अधिक चांगले आले. मात्र २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील चाचणीत मूत्राशयाची क्षमता वा लवचीकता म्हणण्यासारखी वाढली नाही, आणि गंभीर उपद्रवही आढळले. संशोधनाची वाट यामुळे बंद झाली असे मी मानत नाही. पण अमरावती-अकोल्याच्या मातापित्यांना आज या उपचाराची आशा दाखवणे अन्यायाचे होईल.

त्यांच्या हाती आज जे आहे, ते अमेरिकेचे डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ साली मांडलेले: ठरावीक वेळांनी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करणे. आई ते शिकते, पुढे मूल स्वतः शिकते, आणि मूत्रपिंडे वाचतात. त्यासाठी शाळेत आतून कडी लागणारे शौचगृह आणि हात धुण्यास पाणी लागते. उन्हाळ्यात ज्या गावांत नळाला दिवसेंदिवस पाणी येत नाही, तेथे या दोन गोष्टींची तजवीज शाळा समितीने आधी केली पाहिजे.