स्लायसर अडकतोय? नवा लॅपटॉप घेण्याआधी हे तपासा

थ्रीडी प्रिंटरवर कीचेन, नेमप्लेट, मिक्सरचे तुटलेले नॉब असं काहीबाही करून विकायचं ठरवलेल्यांची सुरुवात बहुतेक वेळा सारखीच असते. भांडवल प्रिंटर आणि फिलामेंटमध्ये जातं, कॉम्प्युटर मात्र घरातला जुनाच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ त्या मशीनवर बसत नाही, मग कोणीतरी लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकून देतो. मशीन छान पळायला लागतं. आणि मग आपण क्युरा किंवा प्रुसास्लायसर उघडतो.

मॉडेल माउसने फिरवायला जावं तर ते तीन सेकंदांनी फिरतं. पंखा ओरडायला लागतो. लेयरचा प्रिव्ह्यू उघडला की सगळंच गोठतं. समोर गिऱ्हाईक उभं असतं, "माझं नाव कसं दिसेल ते दाखवा ना" म्हणत. अशा वेळी दुकानदाराचा सल्ला ठरलेला: ग्राफिक कार्डवाला नवा लॅपटॉप घ्या. त्या पैशात कदाचित दुसरा प्रिंटर येईल, म्हणून आधी अर्धा तास या लेखाला द्या.

पहिली गोष्ट. मॉडेलचे थर पाडून जी-कोड तयार करणं, म्हणजे खरं स्लायसिंग, हे काम प्रोसेसर आणि रॅम करतात. ग्राफिक कार्डचं काम फक्त स्क्रीनवर चित्र दाखवण्याचं. त्यामुळे चित्र अडखळत असलं तरी निघणारा जी-कोड तोच असतो आणि प्रिंटच्या दर्जात फरक पडत नाही. मात्र ग्राफिक्सचा ड्रायव्हर चालत नसेल तर चित्र काढायचं ओझंही प्रोसेसरवर पडतं. एकाच कारागिराला माल बनवायला आणि काउंटर सांभाळायला लावल्यासारखं ते होतं.

हे तुमच्याकडे होतंय का, ते एका कमांडने कळतं. मेसा-युटिल्स नावाचं छोटं पॅकेज टाका आणि टर्मिनलमध्ये लिहा: जीएलएक्सइन्फो, स्पेस, डॅश, कॅपिटल बी. (स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आहे, तिथून बघून टाइप करा.) उत्तरात 'रेंडरर' असं लिहिलेली ओळ शोधा. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाच्या चिपचं नाव असेल तर ड्रायव्हर चालू आहे. 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं, तर चित्र प्रोसेसर काढतोय. तिथेच 'ॲक्सेलरेटेड: नो' असंही लिहिलेलं असतं.

यात एक गंमत आहे, आणि बरेच जण तिथेच फसतात. स्लायसरला ओपनजीएल लागतं. आजचा एलएलव्हीएमपाइप ओपनजीएल ४.५ पर्यंत सांगतो, म्हणून स्लायसर काहीही तक्रार न करता उघडतो. आकडा बघून आपण म्हणतो, ड्रायव्हर तर झकास आहे! तेव्हा आकडा नंतर बघा, नाव आधी.

इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर लिनक्समध्ये मेसा या नावाने आधीच असतात, वेबसाइटवरून काही उतरवायचं नसतं. मग एलएलव्हीएमपाइप का दिसतं? माझा पहिला संशय 'नोमोडसेट' या शब्दावर. पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकताना स्क्रीन काळी पडली की लोक 'सेफ ग्राफिक्स' किंवा 'कंपॅटिबिलिटी मोड' निवडतात. त्या पर्यायात हा शब्द असतो आणि तो ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर सुरूच होऊ देत नाही. तात्पुरती सोय म्हणून ठीक आहे, पण कधी कधी तो शब्द पक्क्या सेटिंगमध्ये राहून जातो. कधी इन्स्टॉल करून देणाऱ्यानेच तो हाताने टाकलेला असतो, आणि सांगायचं विसरून जातो.

काढण्याआधी एकदाच चाचणी घ्या. मशीन सुरू होताना ग्रबचा मेनू येतो, तिथे 'ई' दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या लांबलचक ओळीतून नोमोडसेट खोडा आणि एफ१० दाबा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच असतो. स्क्रीन काळी पडलीच तर बटण दाबून पुन्हा सुरू करा, सगळं पूर्वीसारखं होईल. नीट चाललं तर मग ग्रबच्या सेटिंग फाइलमधून तो शब्द कायमचा काढा आणि अपडेट-ग्रब ही कमांड चालवा. शेवटची कमांड विसरलात तर बदल लागू होत नाही. डेबियन वापरत असाल आणि कार्ड एएमडीचं असेल तर एएमडी ग्राफिक्सचं फर्मवेअर पॅकेज आहे का तेही बघा. डेबियन १२ पासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं, त्याआधी ते वेगळं घ्यावं लागायचं.

एनव्हिडियाचं प्रकरण जरा वेगळं. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तो जो 'रेकमेंडेड' म्हणेल तोच घ्या, यूट्यूबवर बघून सगळ्यात नवा घेऊ नका. कार्ड जीफोर्स ४०० किंवा ५०० मालिकेतलं असेल तर त्याला लागणाऱ्या ३९० ड्रायव्हरचा सपोर्ट कंपनीने २०२२ मध्येच थांबवला आहे. तिथे नुव्हो हा मोफत ड्रायव्हरच राहू द्या. आणि लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही असतील तर माझं मत स्पष्ट आहे: स्लायसरसाठी इंटेल पुरतं. हॅसवेल पिढीच्या इंटेल चिपवरसुद्धा मेसा पुरेसं ओपनजीएल देतं. एनव्हिडियाच्या मागे लागून दोन दिवस घालवण्यात धंद्याचा काही फायदा नाही.

आता ज्यांचं "काल चालत होतं, आज बंद" असं झालंय त्यांच्यासाठी. स्लायसर फ्लॅटपॅकमधून घेतला असेल तर तो एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची स्वतःची वेगळी प्रत वापरतो आणि ती सिस्टीमच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. सिस्टीम अपडेट झाली आणि फ्लॅटपॅक मागे राहिला की गडबड होते. फ्लॅटपॅक अपडेट चालवा, काम होतं. ऑर्डरची डिलिव्हरी उद्यावर असेल तर आज रात्री सिस्टीम अपडेट करूच नका, हे वेगळं सांगायला नको.

एवढं करूनही चिपच फार जुनी निघाली तर? क्युराच्या प्रेफरन्सेसमध्ये लेयर व्ह्यू कंपॅटिबिलिटी मोड सक्तीने लावायची खूण आहे, ती करून क्युरा पुन्हा सुरू करा. प्रिव्ह्यू साधा दिसतो पण हलतो. प्रुसास्लायसर तर खिडकी न उघडता नुसत्या कमांडवरही जी-कोड काढून देतो. सेटिंग एकदा पक्की करून फाइलमध्ये ठेवायची, मॉडेलचं नाव द्यायचं, झालं. आणि रोज जाणारा माल तोच असेल, म्हणजे तीच कीचेन, तोच मोबाइल स्टँड, तर त्याचं स्लायसिंग रोज करायचंच कशाला? पास झालेला जी-कोड आयटमचं नाव, फिलामेंट आणि लागणारा वेळ लिहून मेमरी कार्डवर ठेवा, एक प्रत पेनड्राइव्हवर. स्लायसर मग फक्त नवीन डिझाइन आलं तरच उघडावा लागेल.