काउंटरवरून ट्रकच्या केबिनमध्ये

अमेरिकेत माल आहे, ट्रक आहेत. चालवायला माणसे कमी. २०२१ साली तिथल्या ट्रक-वाहतूकदारांच्या संघटनेने ८०,००० चालक कमी असल्याचा अंदाज दिला. वॉलमार्टने मग २०२२ मध्ये आपल्याच कामगारांना चालक करायचे ठरवले. आधी गोदामांतली माणसे घेतली, नंतर दुकानांतली. बारा आठवड्यांचे शिक्षण, शिकवणारे कंपनीचेच जुने चालक आणि परवान्याचा हजारो डॉलरचा खर्चही कंपनीचाच. नव्या चालकाला पहिल्या वर्षी १,१०,००० डॉलरपर्यंत मिळू शकतील, असे कंपनीने जाहीर केले.

वयाची अट मात्र आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ट्रक न्यायला सहसा २१ वर्षे पूर्ण लागतात. अठरा वर्षांच्या मुलाने तोवर काउंटर सांभाळायचा.

आपल्याकडे अजून बरीच मुले क्लीनर म्हणून गाडीवर चढतात आणि उस्तादाचे पाहून शिकतात. परवान्याचा खर्च घरावरच पडतो. आम्ही शिक्षक मुलांना हुनर शिकायला सांगतो, तेव्हा पालक विचारतात, "शिकेपर्यंत घर कसे चालायचे?" प्रश्न रास्त आहे. ज्याला चालक हवा, त्यानेच शिकवण्याचा खर्च उचलावा, एवढे तरी आपल्या वाहतूकदारांनी यातून घ्यावे.