पानातली मासळी आणि रंगाचा डबा

पाड्यांना भेट देऊन गेलेले आपल्या मंडळ्यांचे सभासद परतल्यावर बहुधा एकच प्रश्न विचारतात. निखाऱ्यांवर ठेवलेल्या पानाच्या पुडीत मासळी शिजते, पीठ भाजून निघते. मग पान आधी जळून का जात नाही? प्रश्न साधा आहे. पण त्याच्या उत्तराचा आपण पाठवत असलेल्या मदतीशी जवळचा संबंध आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

पान टिकते ते पाण्यामुळे. पाणी साधारण १०० अंश सेल्सिअसला उकळते. जोवर ते शिल्लक आहे, तोवर येणारी उष्णता त्याची वाफ करण्यात खर्च होते आणि त्याला लागून असलेल्या वस्तूचे तापमान फारसे चढत नाही. कागद पेटायला २०० अंशांहून जास्त उष्णता लागते. म्हणूनच पाण्याने भरलेला कागदी पेला मेणबत्तीवर धरला, तर पाणी तापते पण पेला पेटत नाही. (संडे स्कूलच्या मुलांना हे एकदा दाखवावे, अर्थात मोठे माणूस जवळ असताना.) हिरवे पान आणि त्यातले ओले पीठ यांचेही तसेच आहे. बाहेरचा पदर करपतो, आतले वाफेवर शिजते. जाणत्या बाया एकावर एक दोन-तीन पाने लावतात, ते याचसाठी.

बांबूचे तंत्र याहून थोडे नाजूक. आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्यात आदिवासी बांधव मसाला लावलेली कोंबडी हिरव्या बांबूच्या नळीत भरतात, तोंडाला पानांचा बोळा लावतात आणि नळी जाळावर फिरवत ठेवतात. तेल नाही, वेगळे पाणीही नाही. आसाममध्ये अशाच नळीत चिकट तांदूळ शिजवतात. त्याला चुंगा चाउल म्हणतात. बांबूला मुळातच पेरे असते, त्यामुळे भांड्याला तळ आपोआप मिळतो. मात्र बांबू हिरवाच हवा. वाळलेला असेल तर तो सरपणच! तोंडही घट्ट बंद करायचे नसते. दोन्ही बाजूंनी पेरे असलेला बंद तुकडा आगीत टाकला, तर आतल्या वाफेने तो फटाक्यासारखा फुटतो. पानांचा सैल बोळा म्हणजे या भांड्याचे झाकण, आणि कुकरची शिट्टीही तीच.

आपल्या रायगडची पोपटी बहुतेकांना ठाऊक असेल. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी असे थर भरून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. तिथेही वरून पाणी घालत नाहीत, शेंगांचे आणि पाल्याचे अंगचे पाणीच पुरते.

या सगळ्यात आणखी एक शहाणपण आहे. पान कोणते घ्यायचे हे ठरलेले असते. पळस, केळ, साग, हळद. कण्हेर किंवा रुईच्या पानात कोणी अन्न बांधत नाही, कारण त्या वनस्पती विषारी आहेत हे लहान पोरालाही माहीत असते. रान ओळखीचे आहे, म्हणून रानातले भांडेही ओळखीचे.

अडचण सुरू होते ती रान सुटल्यावर. दसरा-दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतून, रायगडच्या कातकरी वाड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडून ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. डोक्यावर जेवढे मावेल तेवढाच संसार बरोबर असतो. एकुलते पातेले भाताला लागते. मग कालवणाला, चहाला, तान्ह्या बाळाच्या पेजेला जवळ पडलेला डबा घेतला जातो. रंगाचा, ग्रीसचा, कधी कुठल्याशा औषधाचा. तीन विटा मांडल्या की चूल तयार. यात आळस नाही की अडाणीपणा नाही. जे हाताशी आहे त्यात शिजवायचे ही त्यांची जुनीच रीत आहे. फक्त हाताशी आलेली वस्तू आता ओळखीची राहिलेली नाही.

डब्यातही पाणी असतेच, मग तो सुरक्षित का नाही? कारण पाणी जिथवर आहे तिथवरच ते डब्याला थंड ठेवते. त्याच्या वरचा काठ उघडा तापतो आणि तिथला रंग व अस्तर जळते. शिवाय प्रश्न तापमानापुरता नाही. डब्यात आधी काय होते हा खरा प्रश्न आहे. जुन्या रंगांत शिसे असे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, पण त्याआधीचे डबे अजून फिरत आहेत आणि कारखान्यात वापरायचे रंग वेगळेच. शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. त्याचे अमुक प्रमाण निर्धोक आहे असे सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते.

जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीचे निराळे. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, हे आपल्या आजीला माहीत होते. चिंच किंवा अंबाडी घातलेले कालवण जस्ती बादलीत उकळले, तर तसेच जस्त अन्नात उतरते आणि खाणाऱ्याला मळमळ, उलट्या होतात. अशा बादलीत अंघोळीचे पाणी तापवायला हरकत नाही, आमटी मात्र नको.

सर्वांत भयंकर म्हणजे कीटकनाशकाचा डबा. बिहारच्या सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले होते आणि ते तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवले गेले असावे असे तेव्हा सांगण्यात आले. ‘धुऊन घेतला की झाले’ हे इथे चालत नाही. प्लास्टिकमध्ये औषध मुरते, पत्र्याच्या सांध्यांत बसून राहते. लेवीय ६:२८ मध्ये मातीचे भांडे फोडायला आणि पितळेचे घासून धुवायला सांगितले आहे. त्या आज्ञेचा हेतू वेगळा होता, हे खरे. पण काही भांडी धुऊन शुद्ध होतात आणि काही होत नाहीत हा भेद त्या लोकांना कळत होता.

आता मदतीविषयी. कपडे आणि धान्य आपल्या मंडळ्या मोठ्या मनाने पाठवतात, त्याबद्दल आभार. कधी कधी त्यासोबत ‘उपयोगी पडतील’ म्हणून रंगाचे रिकामे ड्रम आणि डबेही येतात. ते कृपया पाठवू नयेत. त्यांऐवजी झाकणासह एक जाड बुडाचे पातेले द्यावे. चार-पाच माणसांची डाळ होईल एवढे, पाच लिटरच्या आसपासचे, स्टीलचे असल्यास उत्तम. जर्मनचेही चालेल, मात्र आंबट पदार्थ त्यात रात्रभर ठेवू नये एवढे आम्ही घेणाऱ्यांना सांगतो. वापरलेले असले तरी हरकत नाही. पितळी असेल तर कल्हई करून द्यावे. कुटुंबे भट्टीवर निघण्याआधी, म्हणजे दसऱ्यापूर्वी भांडी पोहोचली तर ती बोचक्यात बांधली जातील. नाताळात आलेली भांडी रिकाम्या घरांशी येऊन थांबतात.

आणि ज्यांची शेती आहे त्यांनी औषधाचा डबा संपल्यावर तो बांधावर फेकू नये. तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे आणि टाकण्यापूर्वी डब्याच्या तळाला खिळ्याने चार-सहा भोके पाडावीत. भोके पडलेला डबा चुलीवर चढवायला कोणी उचलत नाही.