विंचवाचे विष आणि पेशीचे दार

मंद्रूपच्या शिवारात बांधावरचा दगड उचलताना किंवा गंजीतला कडबा ओढताना माणूस आधी जरा थबकतो. कारण श्रोत्यांना सांगावयास नको. विंचवाचा ठणका सर्वांना ठाऊक आहे. परंतु एवढ्याशा विषाच्या थेंबाने धडधाकट माणसाचे हृदय का खचावे, हा प्रश्न आपण आज पाहू.

शरीराची प्रत्येक पेशी अतिशय पातळ अशा स्निग्ध पडद्यात गुंडाळलेली असते. मिठातला सोडियम हा वास्तविक धातू. पाण्यात त्याचे कण विद्युद्भार घेऊन वावरतात. अशा कणांना आयन म्हणतात. तेलात मीठ विरघळत नाही, तसे हे आयन स्निग्ध पडद्यातून आपण होऊन जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पडद्यात प्रथिनांची दारे आहेत. पेशीबाहेर सोडियम फार, आत पोटॅशियम फार. हा फरक राखण्यास पडद्यातला एक पंप अहोरात्र चालतो. दर खेपेस तो सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो व पोटॅशियमचे २ आत घेतो.

मज्जातंतूतून संदेश जातो तेव्हा सोडियमचे दार उघडते, आयन आत घुसतात आणि निमिषार्धात दार मिटते. मग पोटॅशियम बाहेर पडून तंतू शांत होतो. हॉजकिन व हक्स्ली यांनी १९५२ साली स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड तंतूवर हे सिद्ध केले.

लाल विंचवाच्या विषातील काही प्रथिने नेमकी या दारात पाचर मारतात. मिटायचे दार मिटत नाही. दुसरी काही पोटॅशियमची वाट अडवितात. तंतू संदेश धाडीतच राहतो, रक्तात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात. दरदरून घाम सुटतो, तरी हातपाय गार पडतात; शेवटी हृदय थकून फुप्फुसात पाणी साठते.

महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासून असे रोगी पाहिले. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध त्यांनी १९८० नंतरच्या दशकात वापरले, आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पुढे प्रतिविषाची जोड दिल्यास रोगी लवकर सावरतो, हेही त्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दाखविले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मग मंत्राने विंचू उतरतो तो कसा? पुष्कळदा विष थोडेच गेलेले असते. ठणका आपोआप ओसरतो आणि श्रेय मांत्रिकाला मिळते. पण पाचर बसलेले दार मंत्र ऐकत नाही. विंचू चावलेल्या मुलास घाम, उलटी व गार हातपाय दिसले, तर ठणका कमी आहे म्हणून स्वस्थ बसू नये. तडक दवाखाना गाठावा. तिथे घड्याळाचा प्रत्येक काटा मोलाचा असतो.