अंडी देणारी आणि अंड्यांवर बसणारी

आज आपण परसातल्या कोंबड्यांविषयी बोलणार आहोत. बैठकीत आम्हाला नेहमी विचारलं जातं, "ताई, चांगली जात कोणती?" एक नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही. आधी आपणच ठरवायचं, की आपल्याला कोंबडी कशासाठी हवी आहे. पोरांच्या ताटात अंडं यावं म्हणून, अंडी विकून चार पैसे हाती यावेत म्हणून, की घरच्या घरी पिल्लं काढायची म्हणून?

आपली गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. एका वेतात बारा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक बसते. मग अंडी उबवायला २१ दिवस, आणि पुढे पिल्लं हिंडवण्यात दीड-दोन महिने. या काळात तिची अंडी बंद. म्हणून तिची अंडी कमी दिसतात. पण हीच कोंबडी अंगाने हलकी, घारीची सावली पडली की पिल्लांना पंखाखाली घेणारी. पोटापुरतं बरंचसं स्वतःच उकरून खाते.

सुधारित जातींचं तसं नाही. ग्रामप्रिया आणि वनराज या दोन्ही जाती हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी तयार केल्या. ग्रामप्रिया अंड्यांसाठी. नीट सांभाळली तर वर्षाला दीडशेच्या पुढे अंडी देते. वनराज अंडी आणि मांस दोन्हींसाठी, तिची अंडी शंभर-सव्वाशेपर्यंत. ती वजनाने भारी. तिला घरात बसवून भरपूर धान्य घातलं तर चरबी चढते आणि अंडी घटतात. बंगळूरची गिरिराजही अशीच दुहेरी कामाची. मध्य प्रदेशातल्या झाबुआची कडकनाथ काळ्या मांसासाठी नावाजलेली आहे. तिच्या कोंबड्याला भाव मिळतो, पण नुसत्या अंड्यांसाठी ती घेऊ नये.

हिशेब करून बघा. पाच गावठी कोंबड्या वर्षाला फार तर ३०० अंडी देतील. पाच ग्रामप्रिया ७५० देतील, म्हणजे आठवड्याला चौदा-पंधरा. पण सुधारित कोंबडी सहसा खुडूक बसत नाही. शिवाय वनराज, ग्रामप्रिया या संकरित जाती आहेत. त्यांची अंडी उबवून निघालेली पिल्लं आईसारखी निपजतील याची खात्री नसते. दर खेपेला पिल्लं विकतच आणावी लागतात.

म्हणून आमचं सांगणं असं, की एकीला ठेवून दुसरीला हाकलू नका. अंड्यांसाठी चार-पाच सुधारित ठेवा आणि दोन गावठी कोंबड्या पिल्लांसाठी राखा. खुडूक बसली म्हणून तिला पाण्यात बुचकळू नका. तिच्याखाली दहा-बारा गावठी अंडी ठेवा. अंडी आठवड्याच्या आतली असावीत, स्वच्छ असावीत, थंड जागी ठेवलेली असावीत. सातव्या-आठव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडात धरून बघा. आत लाल शिरा दिसल्या तर अंडं भरलं. नुसतंच पिवळं, स्वच्छ दिसलं तर काढून टाका.

पिल्लं विकत घ्यायची तर खात्रीच्या ठिकाणाहून घ्या. पुण्यात खडकीला, तसंच कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी अंडी उबवणी केंद्रं आहेत. जवळच्या जनावरांच्या दवाखान्यातही चौकशी करता येते. बाजारात रंगवलेली स्वस्त पिल्लं दिसतात. ती बहुतेक अंड्यांच्या जातीची नर पिल्लं असतात. ती अंडी कुठून देणार? एक दिवसाच्या पिल्लांना आई नसते, तेव्हा महिनाभर बल्बची ऊब द्यावी लागते. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते आहे, लांब पळून धापा टाकू लागली तर उष्णता जास्त झाली आहे. वीज सारखी जात असेल, तर दोन-अडीच महिन्यांच्या तलंगा घेतलेल्या बऱ्या. पैसे जास्त पडतात, पण मर कमी होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मानमोडी, म्हणजे राणीखेत. हा रोग एकदा वाडीत शिरला, की चार दिवसांत खुराडी रिकामी होतात. त्यावर औषध नाही, लस आहे. पहिली लासोटा पिल्लू आठवड्याचं असताना डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, मग महिन्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठ आठवड्यांनी टोचायची आर-टू-बी. अडचण अशी, की लसीची बाटली शंभर-दोनशे पक्ष्यांची असते. ती बर्फात ठेवून आणावी लागते आणि कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. सात कोंबड्यांसाठी एकटी बाई ती कशाला आणेल? म्हणून आणत नाही, आणि पुढे सगळ्यांच्याच कोंबड्या मरतात. हे काम गटाचंच आहे. वाडीतल्या कोंबड्या मोजा, दवाखान्यात विचारून दिवस ठरवा आणि सकाळी खुराडी उघडायच्या आधी घरोघरी लस देऊन टाका. आजारी पक्ष्याला मात्र लस देऊ नका. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर उघड्या हाताने उचलू नका, विकूही नका. दवाखान्यात कळवा.

रात्रीचं खुराडं जमिनीपासून उंच, वारा खेळता आणि मुंगूस-बोका शिरणार नाही असं हवं. कोपऱ्यात राख आणि माती ठेवा, कोंबड्या त्यात लोळल्या की उवा-पिसवा कमी होतात. कवच मऊ येत असेल तर शिंपल्यांचा चुरा द्या.

आपल्याकडे कोंबड्यांना नावं असतात. पोरं त्यांना कडेवर घेऊन फिरतात. हा लाड वाया जात नाही. हाताला सवयीची कोंबडी रोज उचलून बघता येते. छातीचं हाड वर आलंय का, पंखाखाली उवा आहेत का, हे लगेच कळतं आणि आजार लवकर ध्यानात येतो. दोन वर्षांनंतर अंडी कमी होतात, पण लाडकी गावठी म्हातारी पिल्लं काढायला पुढेही उपयोगी पडते.

मात्र पाहुणे आले की न विचारता नेमकी तीच कापली जाते. कोंबड्या बाईने वाढवायच्या आणि निर्णय दुसऱ्याने घ्यायचा, हे थांबायला हवं. कुठली ठेवायची, कुठली विकायची, हे घरात आधीच सांगून ठेवा. अंड्यांचे पैसे वहीत लिहा. आणि विकण्याआधी घरातल्या लेकरांची, गरोदर सुनेची आणि स्वतःची अंडी बाजूला काढा. स्वतःची विसरू नका.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एका कागदावर लिहून आणा: कोंबड्या किती, पिल्लं किती, खुडूक बसणाऱ्या किती. त्यावरून लसीची बाटली केवढी लागेल ते तिथेच ठरवू.